अडतीस वाकलेले शिक्के

त्सुबामे, १२ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

"तू तिथे नक्की काय काम करतेस?" हा तुझ्या मागच्या कार्डावरचा प्रश्न मी आठ दिवस पर्समध्ये घेऊन हिंडते आहे, आणि त्याचं उत्तर मला देता येत नाही. तुझ्या सार्वजनिक न्हाणीघरात आंघोळीला येणाऱ्या बायका विचारतात तेव्हा तू सांगतेस म्हणे, की पोरगी चमच्यांच्या कारखान्यात आहे, पण चमचे करत नाही. इथवर अगदी बरोबर आहे. पुढचं मलाही नीट ठाऊक नाही.

पत्राची सुरुवात अशी करायची नसते हे मला कळतं. आधी ऋतू, मग प्रकृती, मग आपलं रडगाणं, हा क्रम तूच शिकवलास. म्हणून आता ते सगळं रीतसर करते. इकडे डोंगरमाथ्यावर पांढरं दिसू लागलं आहे आणि ऑफिसातल्या बायकांनी लोकरी मोजे काढले आहेत. तिकडे घरोघरच्या वळचणीला सामन मासे वाळायला टांगले गेले असतील, आणि शेजारचं मांजर त्यांच्याखाली ध्यान लावून बसलं असेल. तुझा गुडघा कसा आहे? मी पाठवलेला हीटर पोचला ना? आणि दुसरा हीटर? (दुकानदाराने चुकून दोन पाठवले असं समजू नकोस. तू फोनवर पुन्हा हिवाळ्याचा विषय काढलास, म्हणून दुसरा मीच पाठवला.) फरशा बसवणारा माणूस येऊन गेला का? तू हट्टाने ते नळाशेजारचं बर्फासारखं स्टूल अजून वापरतेस का? मी इकडे ठणठणीत आहे, दोन वेळा जेवते, आणि रात्री मोजे घालून झोपते.

तर माझं काम. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि तीही तुझ्या न्हाणीघराच्या गरम पाण्यावर चढले. त्यामुळे आपण कुठेतरी माणसांचं भलं करणारं काम करावं असं मला फार वाटायचं. कुवाबारा धातुकामात मला 'नेतृत्वविकास' असं लिहिलेलं टेबल मिळालं तेव्हा मला वाटलं, हेच ते. पहिलं वर्षभर त्या टेबलावर मी दिवाळखोर कॅन्टीनवाल्याच्या जागी नवा कॅन्टीनवाला शोधत होते. मग या वसंतात तीन तरुण कारागीर एकामागून एक नोकरी सोडून गेले. तिघांच्याही राजीनाम्यात 'घरगुती कारणास्तव' हे एकच कारण. तिसरा गेला त्या दिवशी मालकांनी मला खोलीत बोलावलं.

आमचे मालक कुवाबारा एकसष्ट वर्षांचे आहेत. वडिलांचा कारखाना, वडिलांची खुर्ची, आणि (सगळे म्हणतात) वडिलांचेच कान. माणूस मनाने लोण्यासारखा. मला म्हणाले, "चिनात्सु, माझं काहीतरी चुकतंय. काय ते मला कोणी सांगत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात. शोधून काढा." आत्या, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या मोठ्या माणसाला स्वतःला ओळखायचं आहे! मी म्हणाले, "मालक, त्यासाठी आधी..." ते म्हणाले, "शिबिर! बरोबर. जा तुम्ही टोकियोला." मी खरं तर म्हणणार होते की आधी तुम्ही स्वतः सगळ्यांशी बोला. पण टोकियोही काही वाईट नव्हतं.

शिबिर मिळालं ते थेट ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दोन दिवसांचं. पहिल्या दिवशी जोड्या लावून एकमेकांच्या डोळ्यांत तीन मिनिटं पाहायला सांगितलं, म्हणजे स्वतःची ओळख पटते. माझ्या समोर एका बँकेचे अधिकारी आले होते. दुसऱ्या मिनिटाला मला कळलं की ते डोळे उघडे ठेवून झोपले आहेत. (त्यांना उठवावं की नाही, यावर माझं एक मिनिट गेलं, त्यामुळे माझी ओळख अर्धवट राहिली.) दुसऱ्या दिवशी मात्र एक फार चांगली गोष्ट शिकवली. वरिष्ठाला त्याचे दोष कळायचे असतील तर हाताखालच्या प्रत्येकाकडून निनावी फॉर्म भरून घ्यायचा. नाव नाही, सही नाही, बंद पेटीत टाकायचा. मी परतीच्या गाडीतच चाळीस प्रश्न लिहून काढले. प्रत्येक प्रश्नाखाली चार-चार उत्तरं, फक्त खूण करायची, म्हणजे कोणाला त्रास नको. शेवटचा चाळिसावा प्रश्न तेवढा मोकळा ठेवला: 'आपल्या वरिष्ठांची सर्वांत मोठी उणीव कोणती?' मालक आणि मी सोडून कारखान्यात एकोणचाळीस माणसं. एकोणचाळीस फॉर्म मी स्वतः छापले, एकोणचाळीस पाकिटं केली, आणि ती आमच्या कचेरीचे मुख्य होम्मासाहेब यांच्यापुढे ठेवली.

होम्मासाहेबांनी फॉर्म पुढून पाहिला, मागून पाहिला. म्हणाले, "शिक्क्यांची जागा कुठे आहे?"

म्हटलं, "नाहीये साहेब. हा निनावी आहे."

"निनावी आहे हे ठीक. पण कोण कोण निनावी आहे ते कळायला नको का?"

मी समजावलं. त्यांनी मान डोलावली. आणि नेमका मला त्याच दिवशी सर्दी होऊन ताप आला. दोन दिवसांनी मी ऑफिसात आले तेव्हा अडतीस फॉर्म कपाटात घडीसुद्धा न मोडता ठेवलेले होते. (कागद वाया घालवायचा नाही, हे होम्मासाहेबांचं व्रत आहे.) एकोणचाळिसावा फॉर्म मात्र वर शिक्क्यांच्या चौकटींची लांब पट्टी चिकटवून, जाड पुठ्ठ्याच्या फाइलीत घालून, रिवाजाप्रमाणे सगळ्यांत धाकट्यापासून वर वर फिरवून आणला होता. मोकळ्या प्रश्नाखाली पॅकिंगमधल्या नव्या मुलीने पहिलं उत्तर लिहिलं होतं: 'मालक स्वतःच्या प्रकृतीची पुरेशी काळजी घेत नाहीत.' त्यावर सर्वांची सहमती.

आत्या, तुझ्या न्हाणीघरात शिक्के नसतात म्हणून सांगते. ऑफिसात सहीऐवजी नावाचा गोल शिक्का चालतो, आणि धाकट्याने आपला शिक्का जरासा डावीकडे कलता मारायचा असतो, म्हणजे तो डावीकडच्या वरिष्ठाच्या शिक्क्यापुढे वाकल्यासारखा दिसतो. तर अडतीस शिक्के असे ओळीने कमरेत वाकून उभे होते, आणि सगळ्यांत डावीकडच्या चौकटीत, ताठ, खुद्द मालकांचा शिक्का: 'पाहिले.' मालकांपुढे जी फाइल येते तिच्यावर ते शिक्का मारतात. स्वतःच्या दोषांवरही मारला.

आणि दुसऱ्या दिवशी ते खरोखर इस्पितळात गेले. दिवसभर तपासण्या झाल्या, खडूसारखं औषध प्यायले, आणि संध्याकाळी कागद घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "डॉक्टर म्हणतात, बैलासारखी प्रकृती आहे." मग हळू आवाजात, "मग ती तिघं का गेली हो?"

पण तुझ्या भाचीने हार मानली नाही. अडतीस शिक्के वाकले होते, पण माणसं होती एकोणचाळीस. एक शिक्का वाकलेला नव्हता. तो चौकटीतही नव्हता. साफ उलटा, डोकं खाली पाय वर, खाली येऊन बरोबर 'काळजी' या शब्दावर बसला होता. नाव नागुमो. म्हटलं, या कारखान्यात निषेध करायची हिंमत असलेला एक तरी माणूस आहे!

नागुमोकाका आमचे सगळ्यांत जुने पॉलिशवाले. बारा वर्षांच्या मालकांना पहिला चमचा घासायला त्यांनी शिकवला होता. मी वही घेऊन त्यांच्या चाकापाशी गेले आणि म्हणाले, "काका, तुमचं धैर्य मला कळलं."

"कसलं धैर्य?"

"शिक्का उलटा मारायचं."

त्यांनी चाक थांबवलं. अंगठा चमच्याच्या पाठीवरून फिरवत राहिले. "उलटा लागला का?" मग चमचा खाली ठेवून, "चौकटीत तरी होता?"

आत्या, त्यांना दिसत नाही. म्हणजे कडेचं दिसतं, मधलं गेलं आहे. वर्षभर ते अंगठ्याने पॉलिश करत आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच, की चाक सोडावं आणि दोन पोरांच्या मध्ये बसून त्यांना शिकवावं. एका वाक्याचं काम. ते वाक्य सांगायला ते एप्रिलमध्ये मालकांकडे गेले. म्हणाले, "मालक, मला आता हे जरा..." मालक समोरची वाढायची पळी उचलून म्हणाले, "जड होतंय! मलाही वाटलंच, ही पळी जडच आहे." आणि कारखान्याची मोठी पळी हलकी झाली. जूनमध्ये पुन्हा गेले. "माझे डोळे हल्ली..." "दिपतात! चकाकी फार आहे." पळीची चकाकी काढली. सप्टेंबरात गेले. "मला आता जवळून..." "वाढता येत नाही! दांडा आखूड आहे." दांडा लांब झाला. (अशी हलकी, मंद रंगाची, लांब दांड्याची पळी यंदा आमच्याकडे सगळ्यांत जास्त खपली, हे त्यातलं खरं दुर्दैव. मालक जिथे तिथे सांगतात, "मी नागुमोंचं ऐकतो, म्हणून हे झालं.")

"आता चौथ्यांदा गेलो तर पळीला काटे फुटतील," काका म्हणाले. त्यांच्या खणात राजीनामा तयार होता. बायकोने लिहून दिलेला. नोव्हेंबरअखेर, घरगुती कारणास्तव. हे दोन शब्द वाचले आणि ती तिघं का गेली ते मला एकदम समजलं.

मी म्हटलं, मी आत्ता जाऊन मालकांना सांगते. काकांचा आवाज एकदम करडा झाला. "खबरदार. त्या पोराला मी शिकवलंय. माझं म्हातारपण त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळायचं नाही. मी सांगेन, नाहीतर जाईन."

तेव्हा मी शिबिरात शिकवल्याप्रमाणे भेट ठरवली. खुर्च्या समोरासमोर नाही, जरा तिरक्या. मालकांना आधी बजावायला गेले, "आज तुम्ही फक्त..." "ऐकायचं! समजलं. आज मी नुसता ऐकणार." काका आले, बसले, घसा साफ केला. "मालक, नोव्हेंबरअखेर मी..." मालकांनी एवढं ऐकलं आणि टेबलावर थाप मारली. "रजा! घ्या की! किती वर्षांत घेतली नाहीत!" आणि खणातून गरम झऱ्याच्या हॉटेलाची दोन तिकिटं काढून त्यांच्या हातात दिली, वहिनींनाही घेऊन जा म्हणून. काकांनी दोन्ही हातांनी तिकिटं घेतली, वाकले, आणि निघून गेले. मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, माणूस किती खूष झाला."

त्या दिवशी मी प्रसाधनगृहात जाऊन रडले. नोव्हेंबरअखेरीला तेव्हा चार आठवडे होते.

मग जे झालं ते शिबिरात कोणी शिकवलेलं नव्हतं, ते तू शिकवलेलं होतं. गेल्या सोमवारी सकाळच्या सभेत थंडीत ओरडून कारखान्याचं ब्रीद म्हणताना मालकांचा घसा बसला. माझ्या पर्समध्ये तुझ्या आल्याच्या गोळ्यांचा डबा होता. त्याच गोळ्या, ज्या तू हौदात पाणी उडवणाऱ्या पोरांच्या तोंडात कोंबतेस आणि सांगतेस, विरघळेपर्यंत गप्प. मालकांना एक दिली, माझाही घसा खवखवत होता म्हणून एक मी घेतली. एवढ्यात दार वाजलं. काका तिकिटं परत करायला आले होते.

आता आमच्या मालकांची आई फार कडक होती. गोळी तोंडात असताना बोलायचं नाही, आणि तोंडातली वस्तू चारचौघांत बाहेर काढायची नाही. त्यांनी हातानेच खुर्ची दाखवली. काका बसले. म्हणाले, "मालक, ही तिकिटं मी परत..." आणि सवयीने थांबले. पुढचं मालक म्हणणार होते ना! मालकांच्या गालात गोळी इकडून तिकडे गेली, पण शब्द आला नाही. काका माझ्याकडे वळले. आत्या, मी कबूल करते, ते वाक्य मी पूर्ण करायला निघालेच होते. पण माझ्याही तोंडात तुझी गोळी होती.

खालून चाकांचा आवाज येत होता. काकांनी तिकिटं टेबलावर ठेवली, कडेला बोट लावून सरळ केली, आणि मग आपलं वाक्य आपणच उचललं. सगळं सांगितलं. एप्रिल, जून, सप्टेंबर. शेवटी म्हणाले, "मधलं काही दिसत नाही, मालक. तुमचा चेहरा दिसेनासा होऊन वर्ष झालं. कान तेवढे दिसतात. थोरल्या मालकांसारखेच आहेत. चांगले मोठे."

मालकांनी गोळी कडकन फोडली. उठले, भिंतीवरची ती प्रसिद्ध पळी काढली, हातात तोलून पाहिली, दांड्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे ही..." म्हणाले आणि पुढे बोलता येईना. काकांनी त्यांचं वाक्य पूर्ण केलं नाही. शेवटी म्हणाले, "पळी चांगली झालीये पण."

या सोमवारपासून काका दोन पोरांच्या मध्ये खुर्ची टाकून बसतात आणि अंगठ्याने चुका पकडतात. पोरं म्हणतात, डोळे होते तेव्हा इतके कडक नव्हते. राजीनामा काकूंनी फाडून टाकला, माझं अक्षर फुकट गेलं म्हणाल्या. मालक त्या तीन गेलेल्या कारागिरांना स्वतःच्या हाताने एकेक पत्र लिहीत आहेत. प्रत्येकात एकच प्रश्न आहे: तुम्ही त्या दिवशी काय सांगणार होतात? आणि काकांच्या नव्या कामाच्या कागदावर त्यांनी आपला शिक्का चक्क उजवीकडे, काकांच्या शिक्क्याकडे कलता मारला. होम्मासाहेबांना वाटलं हात चुकला. ते नवा कागद घेऊन धावत गेले. मालकांनी त्यावरही तसाच मारला.

मला वाटलं, आता मला शाबासकी मिळणार. मालकांनी बोलावलं, माझा फॉर्म समोर ठेवला, आणि एक गोळी तोंडात टाकायच्या आधी शांतपणे म्हणाले, "चिनात्सु, चाळीस प्रश्न छान आहेत. पण त्यातल्या एकोणचाळीस प्रश्नांची उत्तरं तुम्हीच छापून आणली होती."

माझे कान गरम झाले. ते अजून निवलेले नाहीत. तेव्हा मी काय काम करते याचं उत्तर मला अजून सापडायचं आहे. सापडलं की आधी तुला सांगेन. गुडघ्याला जप. न्हाणीघरात येणाऱ्या सगळ्या मावश्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
चिनात्सु

ता. क. १: आल्याच्या गोळ्या संपत आल्या. दोन मोठे डबे पाठवशील का? मालकांच्या टेबलावर आता कायमची बरणी आहे. जो भेटायला येईल त्याच्यासमोर ते आधी एक तोंडात टाकतात. (होम्मासाहेबांनी बरणीशेजारी वही ठेवली आहे. गोळी घेणाऱ्याने शिक्का मारायचा.)

ता. क. २: गोळ्या हे निमित्त झालं. खरं पत्र इथून पुढे आहे. मालकांच्या खोलीतून बाहेर आले आणि जिन्यातच बसले, कारण मला तुझा फोन आठवला. ऑक्टोबरात तू म्हणाली होतीस, "चिनात्सु, या हिवाळ्यापासून मी..." मी म्हटलं, "गारठतेस! हीटर पाठवते." पुढच्या आठवड्यात तू म्हणालीस, "अगं, न्हाणीघराचं म्हणत होते..." मी म्हटलं, "फरशा! माणूस पाठवते." तिसऱ्यांदा तू नुसतं "हा हिवाळा..." एवढंच म्हणालीस, आणि मी दुसरा हीटर पाठवला. तू म्हणालीस, "छान आहे हो." काकांनी तिकिटं घेतली होती ना, अगदी तशी. तू काय सांगणार होतीस, आत्या? मी अंदाज करत नाही. चार-पाच आले मनात, सगळे पुसून टाकले.

ता. क. ३: याचं उत्तर पत्राने पाठवू नकोस, फोनवर तर नकोच. रजेचा अर्ज द्यायला मी काल मालकांकडे गेले. त्यांनी गोळी तोंडात टाकली, आणि मला पहिल्यांदाच माझं वाक्य शेवटपर्यंत म्हणावं लागलं. ते मी म्हटलं. तीन दिवस मंजूर झाले आहेत. तुझ्याकडे यायला शुक्रवारच्या दुपारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे, आणि डब्यातली शेवटची गोळी मी कागदात बांधून वेगळी ठेवली आहे. ती माझ्यासाठी.